राज्य कुणावर

कामोठे
गुरुवार, दुपारचे अडीच

प्रिय प्रणित,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. बरी म्हणजे जशी असते तशी. समोर पलंगावर पडून ती माझ्याकडे बघतेय आणि मी कुणाला लिहितेय हे तिला ठाऊक आहे. पत्र लिहायचं कारण साधं आहे. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेज केला की अंगठा दाखवतोस. मागच्या आठवड्यात 'आईच्या पाठीची जखम परत उघडलीय' असं कळवलं, त्यालाही तुझा अंगठाच आला. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, ते शेवटपर्यंत वाचावं लागतं. दिपिकाला नंतर खुशाल दाखव, पण पहिल्यांदा एकट्याने वाच. बायकोसमोर बहिणीचं बोलणं खाताना नवऱ्याचं तोंड कसं होतं ते मी आपल्या बाबांचं बघितलंय, तुझं बघायची इच्छा नाही.

आता हसू नकोस. मी तुझा तो राज्य वाढवायचा खेळ खेळते. तुझ्या इंजिनिअरिंगच्या वेळचा कॉम्प्युटर, जो 'टाकू नकोस ताई, मी येऊन बघतो' म्हणत तू आठ वर्षं माझ्याकडून सांभाळून घेतलास, तो मी आई पडली त्या वर्षी पुसून चालू केला. आत धड चालणारी ही एकच गोष्ट होती. चार माणसं, एक बैलगाडी आणि भोवती सगळा काळोख, इथून सुरुवात. मग गाव वसवायचं, शेतं करायची, रस्ते काढायचे, शेजारच्या राजांशी बोलणी करायची, आणि चाल करता करता त्याचं साम्राज्य करायचं. तुझा एक अर्धा डावसुद्धा सापडला. सगळ्यात कठीण पातळी घेऊन तू चारी बाजूंना लढाया काढल्या होत्यास, राजधानीला वेढा पडला होता, आणि नेमका त्या वेळी कॉम्प्युटर बंद करून तू पुण्याला निघून गेलास. अकरा वर्षं ते बिचारे शिपाई तटावर उभे आहेत. मी तो डाव पुसलेला नाही. मधूनच उघडून बघते आणि तुझी आठवण काढते.

मी स्वतः मात्र सगळ्यात सोपी पातळी घेते. तिथे कुणी हल्ला करत नाही, लुटारू नको असतील तर बंद करून ठेवता येतात. शेजारचे राजे येतात, हात जोडतात, केळी देऊन मीठ मागतात. ह्या पातळीचं नाव मी कच्चं लिंबू ठेवलंय. आई जेवून पडली की दोन ते चार माझा दरबार. चार वाजता चहा, मग तिची कूस बदलणं, पाठ पुसणं, मलम, संध्याकाळच्या गोळ्या. त्यातली एकही गोष्ट दोन चाली पुढे ढकलता येत नाही, म्हणून दोन ते चारची मी सकाळपासून वाट बघते. चाळिशीच्या बाईने अशी वाट बघावी का, असं तुझ्या मनात आलं असेल तर येऊ दे. माझ्याही येतं.

दोन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर मी आतल्या खोलीतून आईच्या खोलीत आणला. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तो तुला मागे दिसला, तू विचारलंस आणि मी म्हटलं आत ओल येते. ओल येत नाही. खरं कारण सांगायला मला अजून थोडा वेळ लागेल, तोवर आईची मजा ऐक. मी इतके दिवस ऑफिसचं काहीतरी शिकते असा तिचा समज होता. खेळ आहे म्हटल्यावर तिने उशी उंच करून घेतली आणि पहिल्याच दिवशी चूक काढली. खेळात मिठाची खाण डोंगराच्या पोटात होती. 'डोंगरान मीठ पिकतं? कोनी केलाय यो खेल? त्याला सांग, उधानाच्या दिसाला आगरान ये, मंग दावते.' जिने चाळीस वर्षं मिठागरात पाय भाजून घेतले तिला डोंगरातलं मीठ कसं चालणार? मग समुद्राकाठी नवं गाव वसवायला लावलं, त्याचं नाव आगर. दुसऱ्याचं नाव उघाडी, भरतीचं पाणी आत घ्यायचं आपलं ते लाकडी दार होतं ना, त्यावरून. तिसरं मधली आळी. आपल्या जुन्या गावातलं जे जे आता नव्या विमानतळाच्या कुंपणाआत गेलंय, ते तिने माझ्या हातून एकेक करून परत वसवून घेतलंय. नव्या डावात राणीचं नाव विचारलं तेव्हा मी 'रंजिता' टाइप करायला लागले, तर पलंगावरून खोकला आला. म्हणून आपल्या साम्राज्याची राणी आईच, सत्यवती, आणि मी कारभारीण. शेजारच्या राजांवर मात्र तिचा विश्वास नाही. 'भांडत नाय, वाकरं बोलत नाय, बांद कोरत नाय. मंग त्यो शेजारी कसला?' एवढं बोलून ती मला सीमेवर चौकी बांधायला लावते.

खेळातलं राज्य असं मोठं आहे, की माऊस ओढून ओढून मनगट दुखतं. माझं स्वतःचं किती आहे ते सांगू? सोसायटीच्या फाटकापासून मेडिकलपर्यंत, तिथून भाजीवाल्यापर्यंत आणि परत. सकाळी नऊ ते अकरा सखूबाई असते, आईला अंघोळ घालायला आणि पाय चोळायला. त्या दोन तासांत मी जे काय जग बघायचं ते बघते. पहिल्या वर्षी मी एकदा उलव्याच्या खाडीपर्यंत रिक्षाने गेले होते, उगाच, वारा खायला. अर्ध्या वाटेत ट्रेलरची रांग लागली, रिक्षा अडकली आणि सखूबाईचे फोनवर फोन. तेव्हापासून फाटकाबाहेर पाऊल टाकलं की आधी घड्याळाकडे बघते. आईची चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये आडवीही जात नाही, उभीही जात नाही, दोन बोटं कमी पडतात. तेव्हा तीही नाही, मीही नाही. आता खिडकीतून विमानं उतरताना दिसतात, इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात. 'आपल्या आंगनान उतारतान,' असं आई म्हणते. मी दुपारी कपडे वाळत घालताना विमानं बघते आणि एखादं वर चढायला लागलं की आत येते.

तुला हे सगळं नवं वाटेल, कारण आम्ही तुला कधी सांगितलं नाही. रविवारी अकराला तुझा व्हिडिओ कॉल असतो. साडेदहाला मी आईचे केस विंचरते, पावडर लावते, पाठीमागे तीन उश्या देऊन तिला बसवते. ती दहा मिनिटं ताठ बसते, 'मी बरी हाय रं, तू जेवलास काय?' म्हणते, आणि फोन ठेवला की तासभर कण्हते. तू मागे म्हणालास ना, आई किती फ्रेश दिसते? तो आमच्या दोघींचा खेळ असतो. आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचाही. मुलगी असावी तर रंजूसारखी, असं गाववाले येऊन बोलून जातात, ते कानाला गोड लागायचं. तुला सगळं सांगितलं असतं आणि तू धावत आला असतास, तर त्या गोडातला अर्धा वाटा तुला गेला असता. तेव्हा सगळा दोष तुझ्यावर टाकायला मी बसलेली नाही. थोडा टाकणार आहे.

तो थोडा असा. मागच्या गणपतीनंतर मी तुला विचारलं होतं, पंधरा दिवस आईला पुण्याला नेशील का, नाहीतर तू इथे येऊन राहशील का, तुझं काम तीन दिवस घरूनच असतं. तू म्हणालास, 'पण ताई, तू घरीच असतेस ना?' अगदी सहज म्हणालास, रागाने नाही, हिशेब चुकला तर दाखवावा तसं. त्या बोलण्यात तुला काही वावगं दिसलं नाही, ते मला जास्त लागलं. चार दिवसांनी तू हवेची गादी पाठवलीस. त्याआधी कमोडची खुर्ची, नंतर सूप करायचं यंत्र. वस्तू चांगल्या असतात, नाही म्हणत नाही. पण दारावरची घंटा वाजली की आई पदर सारखा करते आणि मी खोकं घेऊन आत येते.

नूरुन्निसा तुला आठवत असेल, न्हावा शेव्याला माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, मोरा गावची, सुक्या बोंबलांची चटणी आणायची ती. आम्ही दोघी तिथे निर्यातीचे कागद करायचो. बारा वर्षं मी रॉटरडॅम, जेबेल अली, मोम्बासा अशी नावं बिनचूक टाइप केली आणि अलिबागच्या पलीकडे गेले नाही. आई पडली तेव्हा मी राजीनामा दिला, तो सहा महिन्यांसाठी आहे असं मला वाटलं होतं. त्याला आता तीन वर्षं झाली. नूरुन्निसा कोचीच्या ऑफिसची मुख्य झालीय. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, 'रंजू, कागदांची नजर असलेलं माणूस पाहिजे, अल्लाहशपथ तुझ्यासारखं दुसरं मिळत नाही, अकरा महिन्यांसाठी तरी ये.' राहायची सोय तिच्याच इमारतीत. मी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात सांगितलं की नाही जमणार. ती म्हणाली, हे उत्तर मी धरत नाही, महिनाभर विचार कर. पुन्हा असा फोन येणार नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. चाळिशीतल्या, तीन वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण बोलावतंय?

त्या दिवशी भांडी घासताना मला आपला लपाछपीचा खेळ आठवला. जुन्या घरामागे मिठाचं कोठार होतं, त्याच्या भिंतीला डोळे टेकून राज्य घ्यायचं. तू पाच वर्षांचा, मी बाराची. तुला घ्यायलाच लागायचं, नाहीतर तू गडाबडा लोळायचास, म्हणून तू कच्चं लिंबू. कच्च्या लिंबाने पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण तो सापडला तरी आऊट नाही आणि त्याच्यावर राज्य कधीच येणार नाही. एका संध्याकाळी राज्य माझ्यावर होतं. बाळूकाकांच्या घरी हळद होती, मी शंभर मोजेपर्यंत तिकडे बेंजो सुरू झाला आणि सगळी पोरं तशीच मांडवात पळाली. शेजारचा दीपेश, त्याच्या बहिणी, सगळे. जाताना 'डाव मोडला' असं एकानेही ओरडून सांगितलं नाही. आणि डाव मोडला नसेल तर ज्याच्यावर राज्य आहे त्याने जायचं नसतं, हा नियम मला कुणी शिकवला कोण जाणे, मी शोधत राहिले. मिठाच्या राशींमागे, बांधापलीकडे, होडीखाली. दिवे लागले तरी शोधत होते. शेवटी कोठाराच्या कोपऱ्यात रिकाम्या गोणींखाली तू सापडलास. ओठांना मीठ लागलेलं, डोळे टक्क उघडे. 'किती उशीर केलास,' असं मलाच बोललास. तुलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांत तू एकटा डाव सोडून गेला नव्हतास. मी तुला कडेवर घेऊन मांडवाकडे निघाले आणि तू वाटभर रडत होतास. का रडत होतास ते आठवतंय का बघ.

आता ते ओलीचं. दोन महिन्यांपूर्वीचा बुधवार. खेळात मी एका बंदरावर दीपगृह बांधत होते, पाच चाली उरल्या होत्या. बाहेरच्या खोलीतून आईने हाक मारली. मी म्हटलं, आले. एक चाल केली. तिने परत हाक मारली. मी म्हटलं, आले गं. आणि मग मी तुझे जुने हेडफोन कानाला लावले. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय. हाक ऐकू आली नाही असं झालं नाही, ऐकू येऊ नये म्हणून मी हेडफोन लावले. त्यात मंद सनई वाजते, समुद्राचा आवाज येतो, गलबतं हलतात. दीपगृह झालं, मग त्याच्या आनंदात आणखी थोड्या चाली. खेळातली साठ वर्षं गेली, आपली चाळीस मिनिटं. बाहेर आले तर आई जमिनीवर होती, पलंगाला पाठ टेकून. स्वतःच उतरायला गेली होती. साडी भिजलेली, खाली पाणी. नशीब म्हणून काही मोडलं नाही. तिने आरडाओरडा केला नाही, शिवी दिली नाही. माझ्याकडे बघून फक्त विचारलं, 'जाला तुजा डाव?' टोमणा नव्हता त्यात. एखाद्या पोरीला विचारावं तसं विचारलं. मी तिला उचललं, धुतलं, कोरडं नेसवलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मला माझीच भीती वाटली, प्रणित. मी चांगली मुलगी आहे ह्या एका गोष्टीवर मी तीन वर्षं काढली होती, आणि ती गोष्ट चाळीस मिनिटं खरी नव्हती. दुसऱ्या दिवशी सखूबाईच्या मदतीने कॉम्प्युटर आईच्या खोलीत आणला. हेडफोन कचऱ्यात टाकले. तुझे होते, त्याबद्दल सॉरी.

त्यानंतर आई माझ्याबरोबर खेळायला लागली, ते तुला सांगितलंच. तिने ते मुद्दाम केलं का, मी विचारलं नाही. गेल्या गुरुवारी ती बराच वेळ नकाशाकडे बघत होती. आमचा अर्धा नकाशा अजून काळा आहे. तिने विचारलं, 'त्यो कालोख कसला?' मी म्हटलं, तिकडे आपण कधी गेलो नाही म्हणून दिसत नाही, जहाज पाठवलं की उजेड होतो. मग तिने बोटाने बंदरं मोजली. आगर, उघाडी, मधली आळी, दोन आणखी. 'येवरी बंदरा बांधलीस, येक तरी होरी सोरलीस काय?' मी म्हटलं, गरज काय, ह्या पातळीला सगळं घरबसल्या मिळतं, शेजारी स्वतःच येतात. तिने डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. तर डोळे मिटूनच म्हणाली, 'त्या नुरूला नाय कशाला सांगलंस?' म्हणजे स्वयंपाकघरातलं माझं हळू बोलणं तिने ऐकलं होतं. तीन वर्षं पडून राहिल्यावर माणसाला भिंतीपलीकडचंही ऐकू येत असेल.

मी नेहमीचंच बोलले, तुला टाकून कशी जाऊ वगैरे. ती म्हणाली, 'मंग मी मेल्यावर जाशील? तवा तुजे गुरघे माज्यासारकं व्हतील.' मी म्हटलं, प्रणितला सुट्टी मिळत नाही, दिपिकाची नोकरी आहे, त्याला हे काही जमणार नाही, त्याने कधी केलेलं नाही. त्यावर तिने डोळे उघडले. 'त्यो काय अजून आंगावर पितंय?' एवढंच बोलली आणि चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर मला परत खुर्चीत बसायला लावलं आणि जहाज बांधायला सांगितलं. सहा चालींत झालं. उघाडीच्या बंदरातून ते बाहेर पडलं आणि काळोख दोन दोन घरं मागे सरायला लागला. तिकडे काही नव्हतं, नुसतं पाणीच होतं. मला रडू आलं, इतकं की मॉनिटर दिसेना. आई पलंगावरून म्हणत होती, 'जाव दे फुरं, थांबव नको.'

तर आता पत्राचं कारण. सोमवारी मी नूरुन्निसाला हो कळवलंय. येत्या रविवारी दुपारची केरळची गाडी, पनवेललाच चढायचंय, तिकीट पक्कं आहे. हे पत्र उद्या सकाळी कुरियरने टाकते, शनिवारी तुझ्या हातात पडेल. तू रविवारी अकराला कॉल करतोस, ह्या रविवारी अकराला दारावरची घंटा वाजव. आईला पुण्याला न्यायचं की तू इथे राहायचं, ते तुम्ही दोघं आणि आई ठरवा, तिची अट एकच आहे, पलंग खिडकीशी हवा. गोळ्या, मलम, कूस बदलायच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, सगळं फ्रिजवरच्या वहीत लिहिलंय, सखूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबेल. मी दर रविवारी कोचीहून कॉल करीन, तेव्हा आईला पावडर लावून बसवू नकोस, जशी असेल तशी दाखव. तुला कंटाळा येईल, राग येईल, एखाद्या दिवशी तुलाही कान झाकावेसे वाटतील, तेव्हा मला फोन कर, मी अंगठा दाखवणार नाही. राणी सत्यवतीचा डाव जतन करून ठेवलाय, जहाज समुद्रात आहे, पातळी बदलू नकोस, तिला लढाया आवडत नाहीत. तुला सोयीचं आहे का, हे मी विचारलेलं नाही, कारण राज्य देताना कुणी विचारत नाही. त्या संध्याकाळी हळदीच्या मांडवापर्यंत माझ्या कडेवर तू रडत होतास, ते अंधाराच्या भीतीने नव्हे, मलापण राज्य दे म्हणून. मोठा झालास की देईन, असं मी कबूल केलं होतं. मोठा झालास. घे.

तुझीच,
आयुष्यात पहिल्यांदा लपायला निघालेली,
ताई